अस्मानीचं नवं नाव

२०२५ च्या सप्टेंबरात, महिना सरता सरता, मी गावी गेलो. मांजरेचं पाणी नुकतंच उतरलं होतं. माझे धाकटे चुलते, तात्या, बनिमीवरची, म्हणजे काढलेल्या पिकाच्या ढिगावरची, ताडपत्री वर करून आत हात घालत होते. सोयाबीन काढून बनीम लावली त्याला आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस पाऊस होता. हात बाहेर आला तेव्हा मुठीतल्या शेंगांतून पांढरे कोंब डोकावत होते. ओल्या बनिमीच्या पोटात इतकी वाफ कोंडते की हात पोळतो, हे ज्यानं कधी बनीम लावली नाही त्याला सांगून पटत नाही. वास आंबलेल्या पिठासारखा. तात्यांनी मूठ माझ्यापुढं उघडली आणि म्हणाले, “वातावरणच आसं झालंय बाबा. आता बोलावं कुनाला?”

उत्तर मिळेल म्हणून त्यांनी ते विचारलं नव्हतं. पण मी वीस वर्षं बातम्या लिहिण्याच्या धंद्यात आहे. कुणाला बोलावं, हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगणं हे माझं काम होतं. ते मी आणि माझ्यासारख्यांनी नीट केलेलं नाही.

तात्यांचा शब्दच घ्या. आमच्याकडं ‘वातावरण झालंय’ म्हणजे आभाळ भरून आलंय. ‘वातावरण खराब हाय’ म्हणजे ढगाळ आहे, तुरीवर अळी पडणार, फवारणीची तयारी ठेवा. निवडणुकीत वातावरण तापतं, गावात भांडण झालं की बिघडतं. ‘हवा’ तर कुठंही चालते. ती पालटते, बाधते, आणि एखाद्या पक्षाचीही असते. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला रेडिओनं ‘हवामान बदल’ म्हणून सांगितलं तर त्याला काय ऐकू येतं? आज ढग आहेत, उद्या ऊन पडेल. हवामान बदलायचंच, तो त्याचा धर्मच. त्यात नवल काय आणि चिंता काय?

शाळेच्या भूगोलात हवा आणि हवामान यांत फरक शिकवतात. हवा आजची, हवामान अनेक वर्षांच्या सरासरीचं. पण शाळेच्या बाहेर रोजच्या पावसाचा अंदाज ‘हवामान खातं’ देतं, आणि वर्गात शिकलेला फरक तिथंच पुसला जातो. राज्य सरकारनं २०२० मध्ये पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द घातले. कागदावर ते बरोबर असतील, पण ते कुणाच्या तोंडी बसले नाहीत. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून मराठवाडा आणि विदर्भात एक मोठा शेती प्रकल्प चालू आहे. त्याच्या इंग्रजी नावातच बदलत्या हवामानाला टिकून राहणारी शेती असा अर्थ आहे. मराठीत तो झाला ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प’ आणि इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून गावात नुसता ‘पोकरा’. आमच्या शिवारात पोकरातून शेडनेट आलं, ठिबक आलं. ज्यांना मिळालं त्यांना विचारा, पोकरा म्हणजे काय? ‘अनुदान’ म्हणतात. ज्या संकटासाठी पैसा आला त्या संकटाचं नाव त्याच्यासोबत गावात आलंच नाही.

यावर शहरातल्या चर्चांत नेहमी ऐकू येणारं एक उत्तर मला मान्य नाही. ते म्हणजे, विषय अवघड आहे, शेतकऱ्याला आकडे कळत नाहीत. पैठणच्या चहाच्या टपरीवर बसून बघा. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आणि मृतसाठा धरून १०२.७३, हे तिथं दोन दशांशांपर्यंत सांगणारी माणसं भेटतात. नगर-नाशिकच्या धरणांतून किती क्युसेक सुटलं आणि ते किती तासांत नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचेल, याचा हिशोब बोटांवर होतो. ऊस घालणाऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला भाव, आणि रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, कळते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे दहावी नापास पोरगाही सांगतो, कारण त्यावर घरात पैसा येणं न येणं ठरतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात रिश्टर आणि केंद्रबिंदू हे शब्द आले. ते कुणी शिबिर घेऊन शिकवले नव्हते. जो शब्द जगण्याशी बांधलेला असतो तो माणूस उचलतो. हवामान बदल हा शब्द आम्ही तसा बांधलाच नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या डेस्कवर पावसाची बातमी वरुणराजाशिवाय सुरू होत नसे. पडला की वरुणराजाची कृपा, लांबला की वरुणराजा रुसला, जास्त झाला की कोपला. हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले आहेत. लिहिताना ते निरुपद्रवी अलंकार वाटायचे. आज वाटतं की त्या अलंकारानं वाचकाच्या मनात दर वर्षी एक गोष्ट पक्की केली: वर कुणीतरी राजा बसला आहे, त्याची मर्जी हेच कारण. राजाला जाब विचारता येत नाही, फक्त साकडं घालता येतं. नंतर वाहिन्या आल्या आणि ‘ढगफुटीसदृश पाऊस’ आला. हवामान खात्याच्या व्याख्येत एका तासात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ढगफुटी. मोजलेला आकडा हाताशी नसला की आम्ही ‘सदृश’ लावून मोकळे होतो. आकडा मिळवणं हे पत्रकारितेचं काम, ते त्या एका शब्दानं टळतं.

याहून मोठी चूक आम्ही केली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, रानात गारांचे थर साचले, मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या. आम्ही बातम्या दिल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्याआधी लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आम्ही बातम्या दिल्या. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं, लोक पूजा करायला धरणावर गेले. त्याच्याही बातम्या दिल्या. प्रत्येक घटना सुटी, प्रत्येकीचा फोटो वेगळा. कोरडं आणि ओलं ही एकाच गोष्टीची दोन तोंडं असू शकतात, हे वाचकाला सांगायला आम्हाला जागा सापडली नाही.

सांगायला फार अवघडही नव्हतं. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. कोळसा आणि तेल जाळून माणसानं पृथ्वी एका अंशाहून जास्त तापवली आहे. आता हवा जास्त वेळ पाणी धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि मोसमी पावसाची एकूण बेरीज मात्र घटली. तात्यांना मी हे असं सांगितलं: समजा चार महिन्यांची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला न देता मुकादमानं दोनदाच दिली, तीही मध्यरात्री येऊन अंगावर फेकली. वर्षाचा हिशोब कदाचित जुळेल, पण मधल्या आठवड्यांत चूल पेटणार नाही. तात्या लगेच म्हणाले, “मंजी मुर्गाचं पानी मुर्गात आन् हस्ताचं हस्तात ऱ्हाईलं न्हाई.” बदललेल्या मोसमाचं याहून चांगलं मराठी मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. नक्षत्रांच्या त्या घडीवर आमची पेरणी, कोळपणी, काढणी बेतलेली होती. ती घडी मोडली आहे हे तात्यांना आमच्या आधीपासून ठाऊक आहे. का मोडली आणि कुणी मोडली, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

‘कुणी’ हा शब्द आला की आपल्या भाषेतली एक जुनी जोडी आठवते, अस्मानी आणि सुलतानी. वरून आलेलं संकट अस्मानी, राज्यकर्त्यानं आणलेलं सुलतानी. अस्मानीपुढं हात जोडायचे, सुलतानीपुढं मूठ आवळायची. शतकानुशतकं ही विभागणी चालली. पण हवामान बदल या विभागणीत बसत नाही. तो येतो आकाशातून, पण त्याचं मूळ चिमण्यांत, इंजिनांत, सरकारांच्या धोरणांत आहे. अस्मानात शिरलेली सुलतानी, असं मी त्याला म्हणेन.

एखादं संकट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेणं मराठी माणसाला नवीन नाही. बाहत्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. मिलो ज्वारी, सुकडी, खडी फोडून फुटलेले हात. तोवर दुष्काळ म्हणजे दैव होतं. त्या दुष्काळात लोकांनी मोर्चे काढले, काम मागितलं, वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पाऊस पडला नाही हे अस्मानी असेल, पण माणूस उपाशी राहिला तर ती सरकारची कसूर, असं कायद्यानं मान्य केलं. त्यासाठी लोकांना हवामानशास्त्र शिकावं लागलं नव्हतं. दैव कुठं संपतं आणि जबाबदारी कुठं सुरू होते, ती रेघ तेवढी ओढून दाखवावी लागली.

आज मला भीती वाटते ती ही रेघ पुसली जाण्याची. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या सभेत हवामान बदलाचं नाव निघत नसे. तेव्हा आम्हाला वाटायचं, पुढाऱ्यांनी एकदा हा शब्द घेतला की अर्धं काम झालं. आता ते घेतात. पुराची पाहणी करायला आलेल्या गाड्यांच्या ताफ्यातून उतरलेला कुठल्याही पक्षाचा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून कॅमेऱ्याला सांगतो की हवामान बदलामुळं असं होतंय, निसर्गापुढं कुणाचं काही चालत नाही. अर्धं वाक्य खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. हवामान बदल हे त्यांच्या तोंडी अस्मानीचं नवं नाव झालं आहे.

आमच्या गावाचंच सांगतो. नदीवर कोल्हापुरी बंधारा आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे काढून ठेवायचे आणि पावसाळा सरताना, पाणी अडवायच्या वेळी, बसवायचे, एवढं साधं त्याचं शास्त्र. २०२५ च्या पावसाळ्यात दरवाजे निघाले नव्हते. ज्या कार्यालयाकडं ते काम होतं तिथं तात्या आणि आणखी चौघं जुलैत दोनदा जाऊन आले होते. पाणी आलं, दरवाजाला लाकडं, कडबा, मेलेली जनावरं अडकली, आणि नदीनं बंधाऱ्याला वळसा घालून काठ फोडला. तात्यांच्या बांधालगतची वीस-पंचवीस गुंठे काळी माती गेली. तिथं आता गोटे आणि वाळू आहे. त्या रात्री जो पाऊस कोसळला तो तापलेल्या हवेचा होता असं मी मानतो. पण दरवाजे? ते हवेनं अडकवले नव्हते. पाहणीला आलेल्या साहेबांनी दोन्हीसाठी एकच शब्द वापरला, ‘नैसर्गिक’. आणि त्या एका शब्दाखाली आमची माती कायमची गेली.

त्याच पंधरवड्यात धाराशिव, बीड, जालना, लातूर, नांदेडमधून एकच मागणी उठली होती, ‘ओला दुष्काळ जाहीर करा’. हा शब्द लोकांनी घडवला, आणि किती नेमका घडवला! दुष्काळ म्हणजे पाणी नसणं ही व्याख्या मोडून त्यांनी तो जगण्याशी जोडला: पीक हातचं गेलं की दुष्काळ, मग ते वाळून जावो की सडून. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की दुष्काळ संहितेत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळातल्या सवलती दिल्या जातील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ३१,६२८ कोटींचं पॅकेजही जाहीर झालं. पैसा किती आला, कुणाला पोचला, हा वेगळा लेख होईल. मला खटकतं ते हे की लोकांची भाषा बदललेल्या हवामानापर्यंत जाऊन पोचली आणि सरकारची संहिता मागं राहिली. संज्ञा नसेल तर ती घाला. संहिता माणसांनीच लिहिली आहे.

पीक विम्याचंही असंच. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, २०२५ मध्ये बंद झाला. बोगस अर्जांचा मुद्दा खरा होता, त्यावर इलाज हवाच होता. पण सुधारित योजनेतून स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान हे निकषही गेले, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर आली. तात्यांची बनीम म्हणजे काढणीनंतरचं नुकसान. काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळण्याचं प्रमाण जेव्हा वाढतंय, नेमकं तेव्हा ते संरक्षण निघालं. हा हवामानाविषयीचा राजकीय निर्णय होता, पण तसा तो कुठल्याही वाहिनीवर चर्चेला आल्याचं मला दिसलं नाही. तिथं त्या दिवसांत कोण कुणाला काय म्हणालं हे चाललं होतं.

मग लोक हवामानाबद्दल ऐकतात कुणाकडून? व्हॉट्सअॅपवरून. परभणी जिल्ह्यातले पंजाब डख यांचे अंदाज आमच्या भागात घरटी ऐकले जातात. २०२४ ची लोकसभा त्यांनी परभणीतून लढवली, म्हणजे अंदाज सांगणाऱ्या माणसाला मतं मागता येतील एवढा विश्वास या मातीत तयार झाला. त्यांच्या पद्धतीबद्दल मला आक्षेप आहेत, पण लोक त्यांना का ऐकतात हे समजून न घेता नुसतं नाक मुरडणाऱ्यांबद्दल जास्त आहेत. ते शेतकऱ्याशी शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात, तारखा सांगतात, काढलेलं पीक झाकून ठेवा म्हणतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून कृषी हवामान सल्ला निघतो, आणि तो चांगला असतो. पण त्याची भाषा परिपत्रकाची. आणि कृषी विज्ञान केंद्रांत बसून जिल्ह्याचा सल्ला तयार करणारी देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद केली गेली. मोकळी जागा राहिली की कुणीतरी ती भरतंच.

माझं एक म्हणणं बऱ्याच मित्रांना पटत नाही. हवामानाचं खरं संभाषण सप्ताहाच्या मांडवात होऊ शकतं. आमच्याकडं कीर्तनकाराचा शब्द गाव ऐकतं. हुंड्यावर, दारूवर, स्वच्छतेवर कीर्तनातून बोललं गेलंय आणि त्याचा परिणामही दिसलाय. मग ओढ्याच्या पात्रात घर बांधू नका, वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, दुष्काळी तालुक्यात उसाच्या नादी लागू नका, हे का नाही? पण बहुतेक ठिकाणी हा विषय ‘झाडे लावा’वर येऊन थांबतो. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प केला होता. झाडं हवीतच, मराठवाड्याला तर फार हवीत. पण पाच जूनला खड्ड्यात रोप ठेवून फोटो काढला की हवामानाचं कर्तव्य संपलं, ही समजूत पुढाऱ्याला आणि गावाला दोघांनाही सोयीची आहे. तिच्यात कुणाला दुखवावं लागत नाही.

दुखवावं लागेल. परळीचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं, आणि २०१३ च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा जाळण्यानं जे संकट वाढतं, त्याच संकटानं कोळशाचं केंद्र थांबवावं, याहून ढळढळीत धडा कुठल्या जिल्ह्याला मिळाला असेल? तरी बीडच्या राजकारणात त्यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. राखेच्या ठेक्यांवर मात्र होते. उसाचंही तसंच. रेल्वेनं पाणी प्यायलेल्या लातूर जिल्ह्यात पाऊस बरा झाला की उसाचं क्षेत्र पुन्हा पसरतं, कारण हमखास पैसा देणारं दुसरं पीक आम्ही उभं केलं नाही आणि कारखान्याची खुर्ची ही आमदारकीची पायरी आहे. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. भारतीय माणसामागचं कार्बनचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि कोरडवाहू मराठवाड्यातल्या माणसाचं त्याहूनही कमी असणार. तात्यांनी पृथ्वी तापवलेली नाही. म्हणूनच त्यांना ‘तुम्ही काय करू शकता’ असं विचारणाऱ्या जाहिराती मला अन्यायाच्या वाटतात. त्यांना ‘तुमचं देणं कुणाकडं आहे’ हे सांगायला हवं.

तात्यांची नात सातवीत आहे. शाळेतून आल्यावर तिनं बाटली कापून पर्जन्यमापक केला आणि अंगणातल्या खांबाला बांधला. मंडळाचं यंत्र आमच्या शिवारापासून लांब, पाऊस मात्र एका बांधावर पडून दुसऱ्यावर पडत नाही. ती रोज सकाळी साडेआठला बघते आणि वहीत लिहिते. त्या वहीला सरकारी किंमत नाही हे तात्यांना माहीत आहे. तरी पंचनाम्याच्या वेळी त्यांनी ती पुढं केली होती.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी मुद्दाम थांबलो. तात्यांना अर्ज द्यायचा होता: बंधाऱ्याजवळ फळा लावा, दरवाजे कुठल्या तारखेला निघणार आणि कोण काढणार हे त्यावर लिहा, नावानिशी. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, रजिस्टर ओढलं आणि पेन उघडत विचारलं, “तात्या, विषय काय टाकू? नैसर्गिक आपत्ती?”

“न्हाई साहेब,” तात्या म्हणाले. “बंधाऱ्याचे दरवाजे, आसं लिवा.”